डाव्या मोज्यावरचा गंज

द्रेनाक गावच्या फुटबॉल संघाचे कपडे धुण्याचं काम माझ्या गळ्यात कसं पडलं ते विचारू नका. नवरा संघाचा चिटणीस होता. तो गेल्यावर त्याची खुर्ची दुसऱ्याने उचलली आणि मळके मोजे मात्र माझ्या अंगणात राहिले. संघाचं नाव 'ओराच', म्हणजे नांगऱ्या. आमच्या पोरांना मैदानावर बघितलंत तर नाव कुणी ठेवलं असेल त्याला शाबासकी द्याल.

मी चिडखोर बाई आहे, गावात कुणालाही विचारा, रूमेनाचं नाव काढलं की लोक आधी इकडेतिकडे बघतात. पण त्या वर्षी गावात एवढं काही चाललं होतं, आणि सगळे गप्प होते, तेव्हा चिडायला माझ्याशिवाय होतं कोण?

तर झालं असं, की मे महिन्यात आमच्या नांगऱ्यांनी हौशी संघांचा चषक जिंकला. त्यामुळे शरदात सुरू होणाऱ्या राष्ट्रीय चषकात आम्हांला जागा मिळाली, जिथे राजधानीचे, सोफियाचे मोठे क्लब खेळतात आणि एकदा हरलात की घरी. अंतिम सामना जिंकून दिला तो आमच्या गोलकीपरने, यावोरने. माझ्या शेजारणीचा, योर्दानाचा थोरला. आमच्या दोघींच्या अंगणांत एकच कुंपण, त्याच्या फळ्या ह्याच पोराने लहानपणी बॉल मारून मारून मोडल्या. गोलात उभा राहिला की आधी डाव्या खांबावर टाच आपटायचा, मग दोनदा थुंकायचा. बॉल वरून आला की डाव्या मुठीने असा ठोसा मारायचा, की बॉल बिचारा थेट मधल्या रेषेकडे पळायचा.

जूनमध्ये गवत कापून येताना उतारावर ट्रॅक्टर उलटला आणि यावोर गेला. त्याचा फोटो छापलेला काळ्या चौकटीचा कागद घराच्या दारावर लागला, चर्चच्या दारावर लागला, मैदानाच्या फाटकावरही लागला.

धाकटा लुबेन जर्मनीत गोदामात कामाला होता. तो दोन दिवस बस बदलत बदलत आला. हातात बॅग, दाढी वाढलेली, दारात उभा राहिला. योर्दाना शवपेटीपाशी बसली होती. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. तिने मान वर केली, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "दार लाव. माशा येतात."

बस्स. केव्हा आलास नाही, खाल्लंस का नाही. मी स्वयंपाकघरात रडणाऱ्या बायकांना कॉफी देत होते, मी हे कानांनी ऐकलं. पोराने दार लावलं आणि बॅग घेऊन तिथेच भिंतीला टेकून उभा राहिला.

आता खरी गोष्ट. यावोर आणि लुबेन दोघेही मार्चचे. चार वर्षांचं अंतर, पण महिना एक. आमच्याकडे एका महिन्याच्या भावंडांतलं एक गेलं तर दुसऱ्याला तोडून घ्यावं लागतं. नाहीतर गेलेला त्याला ओढतो. त्यात त्याचा दुष्टावा नसतो, एकटं वाटतं म्हणून ओढतो. शवपेटी अंगणातून उचलायच्या आधी घोड्याच्या पायात घालायची बेडी आणतात. दोन कड्या, मधे साखळी. एक कडी मेलेल्याच्या पायात, एक जित्याच्या. मग कुणीतरी परका, रक्ताचा नसलेला, किल्ली घेऊन पुढे येतो. जिता त्याला तीनदा विचारतो, "देवाशपथ माझा भाऊ होतोस का?" तो तीनदा हो म्हणतो, कुलूप उघडतो आणि त्या दिवसापासून खरोखरच भाऊ होतो. लग्नात, सुतकात, सगळ्यात.

लुबेनचा डावा पाय आणि यावोरचा उजवा. बेडी म्हाताऱ्या गिनाच्या तबेल्यातली होती, गंजलेली. किल्ली संघाच्या कप्तानाकडे, स्पासकडे दिली होती. पाद्रीबुवा धुपाटणं नीट करायच्या निमित्ताने पाठ फिरवून उभे होते. लुबेनने विचारलं, स्पास हो म्हणाला. दुसऱ्यांदा विचारलं, हो म्हणाला. तिसऱ्यांदा लुबेनने तोंड उघडलं आणि योर्दानाने झडप घालून स्पासच्या हातातली किल्ली काढून घेतली.

"माझ्या पोरांना कुणी तोडायचं नाही," ती म्हणाली. "मी दोन जन्माला घातलेत. दोनच राहतील."

तिला समजावलं, ओरडलो, गिनाने तर तिच्या दंडाला चिमटा काढला. मूठ उघडेना. वर ऊन, पेटी थांबलेली, शेवटी कुणीतरी साबण आणला आणि पायांना साबण लावून कड्या तशाच सरकवून काढल्या. पुरुषमंडळी म्हणाली, झालं, सुटली. गिना एकटी छातीवर क्रॉसची खूण करत पुटपुटली, "काढली. उघडली कुठे?"

बेडी योर्दानाने उचलून एप्रनखाली घेतली. किल्ली गळ्यात बांधली.

चाळिसाव्या दिवशी शिजवलेले गहू वाटून निरोप द्यायचा असतो. तिने गहू शिजवले नाहीत. फाटकावरचा यावोरचा कागद तिने फाडून टाकला आणि नवा लावू दिला नाही.

सप्टेंबरात पहिली फेरी आली. गोलात उभं कोण राहणार? प्रशिक्षक त्सोलोचा पुतण्या होता, पण बॉल दिसला की तो डोळे मिटायचा. त्सोलो म्हणजे शाळेत कवायत शिकवणारा, पोट एवढं की स्वतःचे बूट त्याला दिसत नाहीत. तो डोक्याला हात लावून बसला होता. आणि लुबेन, जो जूनपासून जर्मनीला परत गेलाच नव्हता, हातमोजे घालून मैदानावर आला. यावोरचे हातमोजे. लुबेन आयुष्यात कधी गोलात उभा राहिला नव्हता, तो उजव्या बाजूने पळणारा.

"आईने दिले," तो मला म्हणाला. "म्हणाली, तुला उशीर होतोय. मी काय बोलणार, रूमेनामावशी?"

योर्दाना गोलाच्या मागे स्टूल टाकून बसली. पायाशी टॉवेलात गुंडाळलेलं गाठोडं. आत काय आहे ते खणखण आवाजावरून कळत होतं. लुबेन खांबापाशी गेला, टाच आपटली आणि दोनदा थुंकला. पहिलाच बॉल वरून आला, तो उडाला आणि डाव्या मुठीने ठोसा मारला. लुबेन उजवा आहे. लहानपणापासून चमचा, दगड, पेन्सिल सगळं उजव्या हाताने.

"शाबास, यावोर!" मागून योर्दाना ओरडली. आणि लुबेनने मान वळवून तिला हात केला.

आम्ही जिंकलो. वरच्या गटातल्या संघाला हरवलं. बारमध्ये पोरांनी राकियाच्या बाटल्या रिकाम्या केल्या, त्सोलो टेबलावर चढला आणि टेबल मोडलं. मी घरी येऊन कपडे भिजवले. लुबेनच्या डाव्या मोज्यावर, घोट्याच्या वर, तपकिरी गोल डाग होता. मला वाटलं चिखल. चोळला, गेला नाही. लिंबू आणि मीठ लावून उन्हात ठेवला, तरी गेला नाही. मग नाकाशी नेला. गंज होता.

दुसऱ्या फेरीला मी त्याला नवा कोरा जोड दिला, पाकिटातून त्याच्यासमोर काढून. सामना जिंकलो. मोज्यावर डाग, आधीपेक्षा रुंद.

"पाय दाखव," मी त्याला अंगणात बसवून म्हटलं.

"काही नाही मावशी, घासतं जरा."

"अरे गाढवा, दाखव म्हटलं ना!"

घोट्याभोवती कातडं सोललं होतं, अंगठीसारखं एकसारखं. मी मलम लावत होते तेव्हा तो माझ्या डोक्यावरून बोलल्यासारखा बोलू लागला.

"मला गोल अडवता येत नाही, मावशी. मला बॉल दिसतसुद्धा नाही. बॉल मारला की मागून कुणीतरी पाय ओढतं. जिकडे ओढतं तिकडे मी पडतो, आणि बघतो तर बॉल हातात. एवढंच."

"घाबरतोस?"

"त्याला काय घाबरायचं? यावोरच तो. सायकलवर मला पुढे बसवायचा तसंच वाटतं." त्याने घोट्याकडे बघितलं. "फक्त आधी तो बाजूला ओढायचा. आता खाली ओढतो."

मी मलमाचं झाकण लावलं.

डिसेंबरात तिसरी फेरी. बर्फ पडत होतं, रेफरीने रेषा लाल भुकटीने आखायला लावल्या. बरोबरी झाली आणि पेनल्ट्या आल्या. लुबेनने सगळ्या अडवल्या. सगळ्या! समोरच्या संघाचा शेवटचा पोरगा बॉल मारायच्या आधीच रडत होता. लोकांनी लुबेनला खांद्यावर घेतलं, आणि मी पाण्याची बाटली आणायला गोलापाशी गेले. गोलरेषेवर ताज्या बर्फात बुटांचे ठसे होते. दोन लुबेनचे. त्यांच्या डाव्या हाताला, अगदी लागून, आणखी दोन.

मी तिथे किती वेळ उभी होते सांगता येत नाही. बर्फ पडत राहिलं आणि ते बुजले. कुणाला बोलावून दाखवावं असं मनात आलं, पण सगळं गाव तिकडे नाचत होतं.

आता उपांत्यपूर्व फेरी. सोफियाचा मोठा क्लब, आणि सामना आमच्या मैदानावर, मार्चमध्ये. गावाला काय झालं म्हणून सांगू! ज्या गावात पाव घ्यायला रांग लागत नाही कारण रांगेला माणसंच नाहीत, तिथे स्पेनहून, इटलीहून पोरंबाळं तिकिटं काढून यायला निघाली. टीव्हीवाले येऊन योर्दानाच्या स्टुलाचा फोटो काढून गेले. बंद पडलेल्या घरांच्या खिडक्या उघडल्या, धुराडी पेटली. आणि कुणीही, एकानेही, किल्लीचं नाव काढलं नाही.

मी बारमध्ये गेले. त्सोलो शेंगांचं सूप ओरपत बसला होता.

"त्सोलो, पोरगं मरतंय."

"कोण पोरगं?"

"कोण म्हणून मलाच विचारतोस? वजन बघितलंस त्याचं? लंगडतोय, रात्रंदिवस खोकतोय. हाक मारली लुबेन म्हणून, तर मागे वळत नाही."

"सराव जास्त होतोय त्याला. विश्रांती देऊ."

"तुला माहितेय काय होतंय ते. तू अंगणात होतास तेव्हा. साबण तुझ्याच हातात होता."

त्याने चमचा ठेवला. "रूमेना," तो हळू म्हणाला, "एक सामना. फक्त एक. चषकातून बाहेर पडू दे, मग मी स्वतः योर्दानाच्या पाया पडून किल्ली आणतो."

"आणि जिंकलात तर?"

कप्तान स्पास कोपऱ्यात पत्ते पिसत होता, तो पिसतच राहिला. मी म्हटलं, थू तुमच्या चषकावर, आणि दार आपटून आले. दाराची काच फुटली, बरं झालं.

एक मार्चला आमच्याकडे लाल-पांढऱ्या दोऱ्याचा गोंडा मनगटाला बांधतात, वर्ष निरोगी जावं म्हणून. लुबेनच्या उजव्या मनगटावर गोंडा होता, आणि डाव्याही.

"हा दुसरा कुणाचा?" मी विचारलं, जरी मला कळलं होतं.

"आईने बांधला. त्याचा." तो हसला. दात मोठे दिसायला लागले होते, चेहरा इतका बारीक झाला होता.

मी तशीच योर्दानाकडे गेले. टेबलावर एकच ताट मांडलेलं. ती यावोरसाठी मांडायची आणि लुबेन त्यात जेवायचा, हे मला माहीत होतं, पण डोळ्यांनी बघितलं आणि माझं डोकं फिरलं.

"योर्दाना, तुला दोन पोरं आहेत ना? मग दुसरं ताट कुठे?"

"ओरडू नकोस. तो झोपलाय."

"कोण झोपलाय?"

ती गळ्यातली किल्ली बोटांत फिरवत राहिली. मग माझ्याजवळ वाकून, जणू काही आनंदाची बातमी सांगावी तसं म्हणाली, "तू ऐकलंस ना ग त्याची टाच खांबावर? टक्. मी डोळे मिटून बसते. पुढच्या सामन्यापर्यंत मी त्या एका टक्वर जगते. संघ हरला की तो जाईल, रूमेना. खेळ संपला की तो थांबणार नाही, त्याला मी ओळखते. मग मला काय उरलं?"

"लुबेन उरला, वेडे!"

"लुबेन जर्मनीत असतो," ती म्हणाली.

मी तिचे खांदे धरून हलवले असते, पण मागे दारात तोच उभा होता, झोपेतून उठलेला, दोन्ही मनगटांवर गोंडे. त्याने ऐकलं होतं. तो आत गेला, आणि पलंग कुरकुरला.

सामन्याच्या दिवशी मैदानाभोवती मुंगीला शिरायला जागा नव्हती. सूर्यफुलाच्या बियांची टरफलं पायांखाली कुरकुरत होती. लोक चर्चच्या भिंतीवर, अक्रोडाच्या झाडावर, कापणीच्या यंत्रांच्या टपावर चढले होते. योर्दाना स्टुलावर, गाठोडं पायाशी. मी आमच्या बाकावर, पाण्याची बादली आणि स्पंज घेऊन.

सोफियाची पोरं उंच, स्वच्छ, केस कापलेली. त्यांचा कप्तान वेलिन म्हणून होता, पुढे खेळणारा, चाळिशीकडे झुकलेला, नाक दोन वेळा मोडलेलं. त्याने एकट्याने आमच्या बचावाचा भुगा केला. पण लुबेन होता ना. बॉल कोपऱ्यात जातोय, लुबेन कोपऱ्यात. बॉल कुणाच्या तरी पायाला लागून वळतोय, लुबेन आधीच तिथे पडलेला. बघणाऱ्याला वाटावं, वाऱ्याने कापड उडतंय. लोक ओरडत होते आणि मी बघत होते की दर वेळी तो उठायला जास्त वेळ घेतोय. पडला की डावा पाय मातीत रुतल्यासारखा राहायचा, आणि दोन्ही हातांनी तो ओढून काढावा लागायचा.

गोल कुणाचाच नाही. जादा वेळही संपत आला. त्यानंतर पेनल्ट्या होणार, आणि पेनल्ट्यांत लुबेनसमोर कोण टिकणार? सगळ्या गावाच्या चेहऱ्यावर मला ते दिसत होतं. त्सोलो तर आत्ताच लोकांशी हात मिळवत होता.

आणि स्पासने वेलिनला पाडलं. आमच्याच चौकटीत, कुणालाही दिसेल असं. रेफरीने ठिपक्याकडे बोट दाखवलं. पेनल्टी.

लोक घाबरले नाहीत. उलट टाळ्या वाजायला लागल्या. "या-वोर! या-वोर!" अख्खं मैदान ओरडायला लागलं. मेलेल्याचं नाव, हजार तोंडांनी. लुबेन खांबाकडे निघाला, टाच आपटायला. दोन पावलं गेला आणि खाली बसला. मग आडवा झाला.

मी बादली घेऊन धावले. या वयात मी कशी धावले मलाच ठाऊक नाही, अर्धी बादली माझ्याच अंगावर. मोजा खाली केला. घोट्याच्या वर मांस दिसत होतं, आणि त्या जखमेत तपकिरी खवले होते, गंजाचे, ताजे. पाय बर्फासारखा थंड. त्याचे ओठ निळे होते.

"मावशी," तो म्हणाला, "आता तो सोडत नाहीये."

मी गोलाच्या जाळीमागे बघितलं. योर्दाना स्टुलावर डोळे मिटून बसली होती. टक् ऐकायची वाट बघत.

"योर्दाना!" मी किंचाळले. "किल्ली!"

तिने डोळे उघडले नाहीत. तेव्हा लुबेनने मान वळवली. त्याचा आवाज फार मोठा नव्हता, पण ती जाळीच्या त्या बाजूला चार हातांवर होती.

"आई," तो म्हणाला, "मी लुबेन आहे. मला नाही जायचं."

मी आयुष्यात बरंच रडणं ऐकलंय. पण ते वाक्य त्याने रडत म्हटलं नाही. दुकानात पाव मागावा तसं म्हटलं. योर्दानाचे डोळे उघडले. ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला, परगावाहून आलेला माणूस अंधाऱ्या खोलीत ओळखू यावा तसा. मग तिने गाठोडं उचललं आणि जाळीखालून रांगत आत आली. साठीला टेकलेली बाई, काळ्या कपड्यांत, चिखलातून.

रेफरी धावत आला. "बाई, बाहेर व्हा! हे काय चाललंय?"

"पाच मिनिटं गप्प बस," मी म्हटलं, आणि तो खरंच गप्प बसला.

टॉवेल उघडला. दोन कड्या, बंद. साखळी. योर्दानाने गळ्यातली किल्ली तोडली, पण ती हातात धरून थांबली. आई उघडू शकत नाही. रक्ताचं कुणी नाही उघडू शकत.

"पाय आत घालायला लागेल," मी म्हटलं.

कुंपणापलीकडून म्हाताऱ्या गिनाचा फाटका आवाज आला. "पाय आतच आहे, मूर्खांनो! जूनपासून आतच आहे! किल्ली फिरवा!"

मी आमच्या पोरांकडे बघितलं. सगळे चौकटीच्या रेषेवर उभे होते, दहा पावलांवर. गावातले, एका शाळेतले, मी ज्यांचे मोजे धुतले ते. "स्पास," मी म्हटलं. "तू दोनदा हो म्हणालायस. ये."

स्पासने त्सोलोकडे बघितलं. त्सोलो बाजूच्या रेषेवरून हात जोडून ओरडत होता, "एक पेनल्टी! एवढी एक अडवू दे, मग उघडा! देवाची शपथ, मग उघडा!" स्पासने मान खाली घातली आणि बुटाने माती उकरायला लागला. बाकीच्यांनीही. नांगरेच ते.

वेलिन पेनल्टीच्या ठिपक्यावर बॉल ठेवून उभा होता. त्याने बेडीकडे बघितलं, लुबेनच्या पायाकडे बघितलं. मग बॉल तिथेच सोडून चालत आला आणि गुडघे टेकून बसला.

"एकाच महिन्यातले?" त्याने विचारलं.

"मार्चचे," मी म्हटलं. "तुला कसं ठाऊक?"

"मी काय सोफियात जन्मलो होय, काकू?" त्याने योर्दानापुढे हात पसरला. तिने किल्ली त्याच्या तळव्यावर ठेवली. तिची बोटं सुटायला वेळ लागला, त्याने घाई केली नाही. मग लुबेनला म्हणाला, "विचार, पोरा."

"देवाशपथ माझा भाऊ होतोस का?"

"होतो."

तीनदा विचारलं, तीनदा म्हणाला. किल्ली गंजली होती, फिरेना. त्याने दोन्ही हात लावले. मग आवाज झाला. खटका लहान होता, पण मैदानावरचं 'यावोर, यावोर' एकदम थांबलं. कुणी थांबवलं नाही, आपोआप. रिकामी कडी उघडून चिखलात पडली. लुबेनने एवढा मोठा श्वास घेतला की मला वाटलं, गेल्या जूनपासून त्याने घेतलाच नव्हता. आणि गोलाची जाळी, जिला कुणी हात लावला नव्हता, ती मधोमध फुगली आणि पुन्हा सैल पडली.

योर्दानाने ते बघितलं. मी तिच्याकडेच बघत होते. तिने ओठ हलवले, देव क्षमा करो, असं मेलेल्याला म्हणतात ते, पहिल्यांदा.

वेलिनने लुबेनला उठवून उभं केलं. "आता मला पेनल्टी मारावी लागेल," तो म्हणाला.

"मार की," लुबेन म्हणाला.

आम्ही दोघी जाळीमागे गेलो. लुबेन मधोमध उभा राहिला. खांबाकडे गेला नाही, थुंकला नाही. दोन हात कसे धरायचे तेही त्याला कळत नव्हतं, उजव्या बाजूने पळणारा पोरगा, आयुष्यात पहिल्यांदा गोलात. वेलिनने बॉल मारला, काही जोरात नाही. लुबेन उडाला तो चुकीच्या बाजूला, उजवा हात पुढे करून, आणि धप्पकन पोटावर पडला. बॉल जाळीत गेला.

संपलं. चषक संपला. हजार माणसं अशी गप्प झाली की अक्रोडावर बसलेल्या पोरांखालच्या फांद्या वाजलेल्या ऐकू आल्या. कुणीतरी शिवी हासडली, कुणीतरी बियांची पिशवी मैदानात फेकली. त्सोलो बाकावर बसून टोपीत तोंड घालून रडत होता.

लुबेन उठून बसला. तोंडभर चिखल. तो लंगडत नव्हता. चालत सरळ आईपाशी आला आणि तिच्यापुढे उभा राहिला, त्या दिवशी दारात उभा राहिला होता तसाच, आत यावं की नाही हे न कळलेला. आणि आता योर्दाना रडत होती. जूनमध्ये जे रडायचं राहिलं होतं ते सगळं एकदम आलं होतं, नाक, डोळे, काही विचारू नका. तिने डोक्याच्या काळ्या रुमालाने त्याच्या तोंडावरचा चिखल पुसला. गाल चाचपले, खांद्याची हाडं चाचपली.

"लुबेन," ती म्हणाली. "केव्हा आलास रे? जेवलास का?"